माती आधी, खांब शेवटी

हिरामण मिस्तरी,

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. संस्थेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगण्यात आलंय. जन्म, शिक्षण, कार्य अशी मथळ्यांची यादीही दिली आहे. ती मी बाजूला ठेवली. तुमचं शिक्षण चौथी. तुमचं कार्य आत्ता माझ्यासमोर भिंतीला टेकून उभं आहे, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. मला तुमच्याशी बोलायचं ते वेगळंच आहे. ते छापायचं की नाही हे अंकवाल्यांनी ठरवावं.

आपलं संग्रहालय म्हणजे शहाद्याबाहेरचं बंद पडलेलं जिनिंगचं गोदाम. त्यात पाडलेल्या घरांच्या चौकटी, खांब, तुळया, तोड्या, माडीची एक अख्खी खिडकी. निम्म्याहून जास्त सामान तुम्ही आणलेलं. मी या कामावर आले तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. त्याआधी मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. माल आला, नंबर टाकला, फडताळात लावला, एवढीच माझी विद्या. इथंही मी तेच केलं. तुम्ही पहिल्यांदा आलात ते एका दरवाजाची चौकट घेऊन. टेम्पोतून उतरलात, आत आलात, आणि चौकट राहिली बाजूला, भिंतीवर मी खिळ्यानं लटकवलेल्या तोडीसमोर जाऊन उभे राहिलात. खांबाच्या डोक्याशी तुळईला आधार द्यायला असते ती तोडी, पोपट कोरलेली.

"ताई, या पोपटले फाशी कोनी दिधी?"

मी म्हटलं, पोपट उलटाच लोंबकळतो. मला खरंच तसं वाटलं होतं.

तुम्ही हसला नाहीत. तुमच्या पत्नी सुमनबाई, कामावरही कायम तुमच्या जोडीला, मागे उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही तोडी उतरवलीत, फिरवलीत, तिची वरची सपाट बाजू माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "अठे तुळई बसस. हाई वर जास. पोपट वरथून खाले देखस, घरम्हा कोन ऱ्हायना ते." त्या दिवसापासून मी कुठलंही लाकूड आलं की आधी त्याची मागची बाजू बघते. पुढची बाजू बघायला बाकीचे लोक असतात. हे तुमच्याकडून मिळालं, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मंग त्यात काय.

आठ वर्षं आपण भांडलो. व्हार्निशवरून भांडलो. तुम्ही जवसाचं तेल म्हणायचात आणि मी व्हार्निशचे डबे आधीच आणून ठेवलेले. त्यात तुमचं बरोबर होतं. दोन चौकटींवरचं व्हार्निश आता पापडासारखं सुटतंय. पाट्यांवरून तर शेवटपर्यंत भांडलो. प्रत्येक वस्तूपुढे मी पाटी लावते: गाव, घर कोणाचं, कोणी दिलं. तुम्ही एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायचात.

"देनारनं नाव शे. करनारनं कोठे शे?"

"करनारा कोन ते कोनले मालूम शे, मिस्तरी?"

"नही ना मालूम? मंग तसं लिखा. करनारा मालूम नही."

"बठ्ठा पाट्यास्वर असं लिखं तर लोके हसतीन."

"हसू द्या. आते कोठे वाचतस?"

मी चहा मागवला. पाट्या होत्या तशाच राहिल्या. हे भांडण तुम्ही जिंकलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. बदलायचा कंटाळा केला, इतकंच.

आता मूळ गोष्ट.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर कसं सोडवायचं हे तुम्ही मला पाठ करायला लावलं होतं. 'सोडवणं' हा तुमचाच शब्द. "लोके घर पाडतस, मी घर सोडस," असं तुम्ही घरमालकांच्या तोंडावर सांगायचात आणि ते वैतागायचे, कारण सोडवायला दिवस लागतात आणि पाडायला तास. धाब्यावर दर उन्हाळ्यात मातीचा नवा थर चढत आलेला असतो. आज्याच्या वेळची माती खाली, नातवाच्या वेळची वर. ती दीड-दोन हात जाड होते. म्हणून पहिल्यांदा ती माती उतरवायची, घमेल्या-घमेल्यानं. मग तिच्याखालच्या काटक्या-फळ्यांची किलचण. मग आडव्या कड्या. मग तुळई. आणि ज्याच्या डोक्यावर हे सगळं ओझं, तो खांब शेवटी. "पह्यले माटी. खांब सगळास्ना मांगे." एकदा मी घाईत होते आणि तुम्हाला म्हटलं, एखादा खांब आधी निघत नाही का? तेव्हा तुम्ही मला वर धाब्यावर चढवलंत, माझ्या हातात फावडं दिलंत आणि तासभर माती ओढायला लावलीत. खाली उतरल्यावर मी परत विचारलं नाही.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी पहिल्यांदा लिहून ठेवते.

जगन्नाथभाईंच्या घराचा तो खांब तुम्हीच मला दाखवला होता. तापीकाठचं गुजर शेतकऱ्याचं घर, भोवती केळी. ओसरीत चार खांब, त्यातल्या एकावर कमळं कोरलेली, खाली तो ज्यावर टेकतो तो काळ्या दगडाचा तळखडा. मी कमळांचे फोटो काढत होते. तुम्ही माझं मनगट धरून हात खांबाच्या मागच्या बाजूला नेलात. कमरेच्या उंचीला एक खाच होती, गुळगुळीत, बोट बसेल एवढी. "रवीनी दोरी," तुम्ही म्हणालात. चार पिढ्यांच्या बायकांनी त्या खांबाला दोरी लावून ताक घुसळलं होतं. "कमळं मन्हासारखा कोनीबी करी दी, ताई. हाई खाच कोन करी?"

त्या दिवसापासून मला तो खांब हवा होता. दोन वर्षं हवा होता. जगन्नाथभाई देतो म्हणायचे, पण घर पाडायचं पुढे ढकलायचे. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मुलानं जेसीबी ठरवला होता, शनिवारी सकाळी येणार. तारीख बदलता येणार नाही, जेसीबीवाल्याला पुढं दुसरीकडे जायचं होतं. मधे फक्त शुक्रवार. त्या धाब्याची माती उतरवायलाच तुम्हा दोघांना तीन दिवस लागले असते.

मी तुम्हाला फोन केला. आपण काय बोललो ते शब्दाला शब्द सांगते, कारण नंतर मी ते कितीदा तरी आठवून बघितलंय आणि त्यात काही बदलत नाही.

मी म्हटलं, "मिस्तरी, खांब तेवढा जोयजे. बाकीनं जाऊ द्या."

तुम्ही म्हणालात, "ताई, खांब सगळास्ना मांगे."

मी म्हटलं, "मले मालूम शे. या खेपले पह्यले व्हई का ते देखा. तळखडा बी लई या."

 पाठीमागे सुमनबाई भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग म्हणालात, "देखसू."

बास. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी रागावले असते, दोन दिवस फोन केला नसता आणि तिसऱ्या दिवशी केला असता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुमच्यावर याचं खापर मी फोडत नाहीये. पण हेही लिहायला हवं, की आठ वर्षांत तुम्ही माझं एकही म्हणणं नीट ऐकलं नव्हतं, आणि ऐकलंत ते हे.

शुक्रवारी माझ्याकडे एका शाळेची सहल होती. मुलांना चपला बाहेर काढा म्हणून सांगत होते तेव्हा जगन्नाथभाईंचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्हाला बाहेर काढून ओसरीपुढे सतरंजीवर ठेवलेलं होतं. तोंड पुसलेलं होतं, कानात माती होती. काय झालं ते सुमनबाईंनी सांगितलं, न रडता. तुळईखाली तुम्ही दोन टेकू लावले, खांब सोडवला, चौघांच्या मदतीनं अंगणात आणून गोणपाटावर निजवला. तो सुखरूप होता. काम झालं होतं. सुमनबाईंना पाणी आणायला हापशीवर पाठवलं आणि तुम्ही परत आत गेलात, तळखड्यासाठी. पहार घातलीत तशी जमीन हलली, टेकू सरकला, आणि ज्यांनी ज्यांनी त्या धाब्यावर माती टाकली होती त्या सगळ्यांची माती खाली आली.

तळखडा मी सांगितला होता.

पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्यातलं उरकून त्याच दिवशी ऊन उतरता उतरता गोमाई नदीच्या घाटावर नेलं तुम्हाला. तुमचा मुलगा सुरतेहून येईपर्यंत थांबलो. खांब टेम्पोतच होता. जगन्नाथभाईंनी तो संग्रहालयात पोचवायला म्हणून चढवून दिला होता आणि गडबडीत तोच टेम्पो लाकडं घेऊन घाटावर आला. तुमच्या भटूनं तो बघितला. धाकटा भाऊ, तुमच्यासारखाच हाडाचा सुतार. तो गोणपाट बाजूला करून बघत राहिला आणि म्हणाला, "ज्या खांबपायी भाऊ ग्या, तो बी त्यानासंगे जावाले जोयजे." दोघं-तिघं पुढे झाले. कोणीतरी दोर सोडायला लागलं.

मी मधे गेले. म्हटलं, "हा खांब पंचनाम्यात घेतलेला आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला कोणालाही हात लावता येणार नाही."

मिस्तरी, हे खोटं होतं. पंचनाम्यात 'जुने लाकडी सामान' एवढंच लिहिलेलं होतं आणि ते तिथंच पडलेलं होतं. त्या खांबाकडे कोणी बघितलंही नव्हतं. आणि बघा, एरवी मी तुमच्या माणसांशी अहिराणीत बोलते. त्या वेळी पुस्तकी मराठीत बोलले. मुद्दाम. ऑफिसची भाषा निघाली की आपल्याकडची माणसं दोन पावलं मागे सरतात, हे मला स्टोअरमधल्या नोकरीपासून ठाऊक आहे. भटू मागे सरला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम सांगी ऱ्हायन्यात तर ऱ्हाऊ दे भो, पोलिसनं काम शे." दोर परत बांधला गेला. तुम्ही जळत होतात आणि मी टेम्पोला पाठ लावून उभी होते, पहारेकऱ्यासारखी.

खांब गोदामात आला. जेसीबीनं उकरलेला तळखडाही रविवारी आला. मी जागा ठरवली, दारातून शिरल्यावर समोरच. पाटीचा मजकूरही केला. या वेळी करणाऱ्याचं आणि सोडवणाऱ्याचं, दोन्ही लिहिलं: करणारा माहीत नाही, सोडवणारा हिरामण. मला वाटलं होतं यानं भागेल. दोन दिवस तसं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी खाचेत बोट घालून बघितलं आणि ते लगेच काढून घेतलं.

दहाव्याला तुमच्या घरी गेले. लोणखेड्याच्या रस्त्यावरचं तुमचं पत्र्याचं घर. दुसऱ्यांची कोरीव घरं सोडवणाऱ्या माणसाच्या दाराला साधी चौकटही लोखंडी अँगलची, यावरून मी तुम्हाला चिडवायचे. बायका बसलेल्या होत्या. मी सुमनबाईंना मागच्या पडवीत नेलं आणि सगळं सांगायला बसले. फोनचं आधी सांगितलं. खांब आधी काढा म्हणून मीच बोलले, तळखडाही मीच मागितला.

त्या म्हणाल्या, "मले मालूम शे."

सकाळी निघतानाच त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, माती काढल्याबिगर खांब कसा काढता? तुम्ही म्हणालात, "ताईले खांब जोयजे." एवढंच. दहा दिवस त्या ते घेऊन बसल्या होत्या. घाटावर, माझ्या खांद्यावर हात ठेवून जगन्नाथभाईंच्या घरच्या बायका माझंच सांत्वन करत होत्या, तेव्हाही त्यांना ते माहीत होतं.

मग मी पंचनाम्याचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं.

हातात तांदळाचं सूप होतं. पाखडायचं थांबलं.  मला वाटलं उठून जातील, किंवा मला जा म्हणतील. मी तयार होते. त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "मंग धाडी द्या."

"काय धाडू?"

"खांब. तेरावाना सयपाक शे. लाकूड लागी." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्या लाकूडनी मन्हा मानूस खादा, ताई. आते लोकेस्ले जेवाडू दे."

मी तिथं वाद घालू शकत होते. माझ्याकडे मुद्दे तयार होते, आठ वर्षांत तुम्हीच दिलेले. असा खांब परत होणार नाही. ती खाच कोणी करू शकणार नाही. तुमचं नाव पाटीवर येणार आहे, पोरं वाचतील. मी यातलं एकही बोलले नाही. घाटावर एकदा जास्त बोलले होते, तेवढं पुरे होतं.

बाराव्या दिवशी सकाळी भटू टेम्पो घेऊन आला. तुमच्याच अंगणात खांब उतरवला. मीही गेले, नोंदवहीत वस्तू बाहेर गेली असं लिहिताना ती कुठे गेली हे डोळ्यांनी बघायला हवं. भटूनं खिशातून पेन्सिल काढली, काटकोन्या लावला आणि खांबावर रेघा मारल्या. जाळायचं लाकूड, मिस्तरी, आणि तो ते काटकोनात कापत होता. करवत चालायला लागली तसा जुन्या सागाचा वास सुटला, तुमच्या शर्टाला यायचा तोच. कमळांचा भाग वेगळा पडला तेव्हा भटू थांबला. तुकडा पालथा करून हातानं भुसा झाडला आणि मला म्हणाला, "ताई, हाऊ फूलना तुकडा ठेवो का तुम्हनाकरता? वीतभर शे. कोनले कळस?"

मी तुम्हाला खरं सांगते, माझा हात पुढे झाला होता. माझं सगळं संग्रहालयच तुकड्यांचं आहे. अख्खं घर माझ्याकडे एकही नाही. वीतभर तुकडा मला पुरला असता. त्याला काचेची पेटी केली असती, खाली पाटी लावली असती. आणि खाचेचा तुकडाही तिथंच पडलेला होता, दोन पावलांवर.

सुमनबाई दारात उभ्या होत्या. नको म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या.

मी म्हटलं, "नको भटू. बठ्ठं चुल्हाम्हा घाल."

यावर तुम्ही काय म्हणाला असता हे मला ठाऊक आहे. तुम्ही कोणाचं ऐकून गप्प बसणारे नव्हतात. "ताई, त्या खांबसाठे मी मरनू, आनि तुम्ही तो चुल्हाम्हा घाली दिधा? डोकं शे का ठिकानवर?"  तुम्ही जीव देऊन बाहेर काढलेली वस्तू मी पंधरवडाभरही राखली नाही. राखायची तर सुमनबाईंशी खोटं बोलून राखायला लागली असती, जन्मभर, रोज कुलूप उघडताना. दोन्हींतलं काय मोठं हे तुम्ही ठरवलं असतं आणि मी त्यावर भांडले असते. आता ठरवायला मी एकटीच आहे. तुम्ही नसण्याचा सगळ्यात मोठा जाच तो आहे. कोणी माझं म्हणणं चुकीचं आहे असं तोंडावर सांगत नाही. मॅडम म्हणतात आणि मागे सरतात.

तेराव्याला मी गेले. अंगणात चर खणून त्यावर पातेली चढवलेली होती. सागाचा जाळ कसा, एकदम पेटतो आणि लवकर बसतो. भटू सारखा लाकूड सारत होता. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. गावचे बरेच लोक होते. जगन्नाथभाई आले होते, मान खाली घालून एका कडेला बसले. कोणाला काय जळतंय हे माहीत होतं आणि कोणाला नव्हतं. एक म्हातारा भटूला म्हणाला, "लाकूड चांगलं लाया रे." भटू म्हणाला, "हा बाबा. जुनं शे."

मी पंक्तीत बसले. पहिला घास तोंडाशी नेला तेव्हा तो गिळला जाईल का नाही याची मला खात्री नव्हती. गिळला गेला. वरणाला धुराचा वास होता. बट्टी वरून कडक होती आणि आत मऊ, जशी लागते तशी. पानातलं संपत आलं तेव्हा आतून सुमनबाईंचा निरोप घेऊन एक बाई आली. "वैनीनी सांगं शे, ताईले आजून वाढा."

मी हात आडवा धरला नाही. तिनं वाढलं, आणि मी सगळं खाल्लं.